पाचव्या मजल्याची हवा

ज्या माणसाने चौतीस वर्षं पोरांना पाण्याचं शास्त्र शिकवलं, त्याला घरातल्या रेडिएटरची हवा सोडता येत नाही, हे बिश्केकमधल्या आमच्या इमारतीत नोव्हेंबरच्या दोन तारखेला सकाळी अकरा वाजेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द त्या माणसालाही नव्हतं. सव्वाअकराला ते चौथ्या मजल्यावरच्या लिदिया पेत्रोव्नाला कळलं, आणि तिला कळलं म्हणजे वेगळी दवंडी पिटायची गरज उरत नाही.

माणसाचं नाव सुयुनबेक. पण नावाने त्यांना कुणी हाक मारत नाही. सगळे 'आगाय' म्हणतात, म्हणजे मास्तर. कालव्याची दारं कशी बांधावी, पाणी कुठे अडवावं, कुठे सोडावं, यावर त्यांचं दोनशे चाळीस पानांचं पुस्तक आहे. अर्ध्या चुय खोऱ्यातले पाटबंधारे अधिकारी त्यांचे विद्यार्थी. घरातला नळ मात्र त्यांनी कधी उघडबंद करण्यापलीकडे ओळखला नव्हता. त्याची कधी गरजच पडली नाही, कारण घरात बुरुल होती.

आता ही हवेची भानगड जरा सांगायला हवी. आमच्याकडे थंडी ज्याची त्याला स्वतंत्र मिळते, ऊब मात्र सगळ्यांना मिळून येते. शहराच्या टोकाला पाणी तापतं, नळातून इमारतीत येतं, प्रत्येक घराच्या मोठ्या खोलीतून चढत चढत पाचव्या मजल्यावर पोचतं आणि शेजारच्या खोल्यांतून खाली उतरतं. जाता-येता खिडक्यांखालचे लोखंडी फासळ्यांचे रेडिएटर तापवत जातं. पण उन्हाळाभर नळात शिरलेली हवा पाण्याच्या पुढे पळते आणि सगळ्यात वरच्या घरात दडून बसते. ती तिथून बाहेर काढली नाही तर पाणी अडतं आणि वरपासून खालपर्यंत पाची घरं गारठतात. म्हणजे पाचव्या मजल्यावर राहणं हे एक पद आहे. या पदाला पगार नाही, फक्त शिव्या आहेत.

एकोणतीस वर्षं हे पद बुरुलने सांभाळलं. एप्रिलमध्ये ती गेली. आठवडाभर ताप, मग दवाखाना, मग दवाखान्यातून फोन. आगायांना तिच्याबरोबर आपलं काय काय गेलं ते रोज थोडं थोडं कळत होतं. मीठ कुठल्या बरणीत असतं ते मे महिन्यात कळलं, विजेचं बिल भरावं लागतं ते जूनमध्ये. हवा नोव्हेंबरसाठी शिल्लक राहिली होती.

तर सव्वाअकराला दार वाजलं. दारात लिदिया पेत्रोव्ना, अंगावर कोट, डोक्याला लोकरीचा रुमाल. तिच्या मागे तिसऱ्या मजल्यावरचा टॅक्सीवाला एर्मेक.

"सुयुनबेक, हवा सोडलीत का?" लिदियाने विचारलं.

"कसली हवा?"

लिदियाने वळून एर्मेककडे पाहिलं. त्या एका नजरेत आगायांची चौतीस वर्षं वाहून गेली.

"अहो, रेडिएटरची! काल शहराने पाणी सोडलं. समोरच्या इमारतीत खिडक्या उघडून बसलेत मेले, इतकं तापलंय. आणि मी इथे कोट घालून चहा पितेय."

"आगाय, जमतं ना तुम्हाला?" एर्मेकने अदबीने विचारलं. अदबीने विचारलेलं जास्त लागतं. "नाही म्हणजे, तीन मिनिटांचं काम आहे."

"एर्मेक," आगाय ताठ झाले, "ज्याने चाळीस किलोमीटर लांबीच्या कालव्याची दारं उघडली—"

"तसं नाही हो आगाय. कालव्यात हवा कोंडत नाही ना, म्हणून विचारलं."

"चावी आहे का घरात?" लिदियाने मुद्द्याचं विचारलं. "बुरुलकडे एक छोटी चावी असायची."

"आहे," आगाय म्हणाले.

त्या दिवशीचं हे त्यांचं पहिलं खोटं. चावी कसली, तिचं भोक कुठे, काही पत्ता नव्हता.

दार लावून आगाय मोठ्या खोलीतल्या रेडिएटरसमोर मांडी घालून बसले. शास्त्र सांगत होतं की हवा वरच्या टोकाला असणार, म्हणजे स्क्रूही वरच्या टोकालाच असणार. वरच्या टोकाला मात्र दोन बोटं जाड पांढराशुभ्र रंग होता. हा रंग जुलै महिन्यात कुणी लावला होता, ते आगायांना चांगलं आठवत होतं. उन्हाळ्यात घर खायला उठायचं. कशात तरी हात गुंतवावे म्हणून त्यांनी एक दिवस रंगाचा डबा आणला आणि घरातले दोन्ही रेडिएटर रंगवले. एक हात दिला, दुसरा दिला, आणि डब्यात उरला म्हणून तिसराही दिला. रेडिएटर असे चकचकीत झाले की त्यांना त्या आठवड्यात जरा बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याखाली स्क्रू गाडला गेला होता.

स्वयंपाकघरातून ते सुरी घेऊन आले. खरवडता खरवडता सुरीचं टोक मोडलं. ती बुरुलची नूडल कापायची सुरी होती, हे मोडल्यावर लक्षात आलं. मग त्यांनी चमच्याने खरवडलं, मग पोस्टाची पाकिटं उघडायच्या पातीने. तासाभराने एक इवलासा पितळी स्क्रू दिसला, डोळे मिटून पडल्यासारखा. त्याच्या डोक्याला चौकोनी टोक होतं, आणि त्या टोकाला बसणारी चावी घरात कुठेच नव्हती. कपाटं पाहिली, बरण्या पाहिल्या, तिच्या पर्सेस पाहिल्या. पर्सेस पाहायला नको होत्या. एकीत तिच्या खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, आणि मग अर्धा तास आगायांनी काहीच शोधलं नाही.

मग एक भलतीच शंका आली. बुरुलच्या चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, तिच्या वस्तू वाटल्या होत्या. आगायांची बहीण तालासहून आली होती, तिनेच सगळं उरकलं. हा कोट लिदियाला, ही शाल अमकीला, हा पत्र्याचा डबा तमकीला. आगाय कोपऱ्यात बसून प्रत्येक वेळी मान डोलवत होते. तो डबा हलवाबर्फीचा होता, त्यात तिचे सुईदोरे असायचे, एवढंच त्यांना माहीत. चावी असलीच तर त्यात असेल. पण डबा कुणाला गेला ते आठवेना, आणि आठवलं असतं तरी मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेली वस्तू परत मागायला कोण जाणार? असं तोंड घेऊन आमच्याकडे कुणी कुणाच्या दारात जात नाही.

शेवटी पक्कड घेतली. पकडीने स्क्रूच्या चौकोनाचे कोपरे घासले जाऊन तो छान गोल झाला. आता चावी मिळाली असती तरी लागली नसती.

लिदिया मधल्या काळात दोनदा येऊन गेली. एकदा म्हणाली, "व्हिनेगर ओता." दुसऱ्यांदा तिने खोलीभर पसरलेल्या रंगाच्या पापुद्र्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बुरुल रंगवताना स्क्रूवर कणकेची गोळी लावायची. वाळला की काढून टाकायची." मग तिने हेही सांगितलं, "आणि सुयुनबेक, गेल्याच महिन्यात मी भिंतींना नवा कागद लावलाय. निळी फुलं आहेत. त्याच्यावर एक थेंब जरी पडला ना, तर मी तुम्हाला कोर्टात खेचीन, आणि तिथे साक्षीला एर्मेकला नेईन."

आता सरकार. आगायांनी टाय बांधला आणि इमारतींची देखभाल करणाऱ्या कचेरीत गेले. आपण स्वतःला जमत नाही म्हणून आलो नसून नागरिकाचा हक्क बजावायला आलो आहोत, हे त्यांनी वाटेत स्वतःला पटवलं होतं. खिडकीमागे एक बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. तिच्या पायाशी विजेची शेगडी लालभडक झालेली.

"प्लंबर हवा आहे," आगाय म्हणाले. "स्क्रू अडकलाय."

"अर्ज भरा. घर कुणाच्या नावावर?"

"बायकोच्या."

"मग सही तिची लागेल. त्यांना पाठवा."

"ती वारली."

बाईने बिया बाजूला ठेवल्या. चेहऱ्यावर खरंच दुःख आलं. "अरेरे. देव शांती देवो. कधी?"

"एप्रिलमध्ये."

"मग एप्रिलनंतर घर तुमच्या नावावर का नाही केलंत? आता मृत्यूचा मूळ दाखला लागेल, वारसाचा कागद लागेल, मग नावबदल, मग अर्ज. अर्ज आला की सतराव्या दिवशी माणूस येतो."

"सतराव्या दिवशी? लोक गारठलेत!"

"तसं असेल तर तातडीचा अर्ज करा. तो त्याच दिवशी मंजूर होतो." बाईने दुसरा कागद पुढे सरकवला. "फक्त त्यावरही सही घरमालकाचीच लागते."

आगाय परत फिरले. त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती अडकली होती तेव्हाही त्यांना इतकं असहाय वाटलं नव्हतं, आणि तेव्हा तर सरकारच कोसळलं होतं.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरचं दार किलकिलं होतं. आत झिपारा, विशीतली पोर. नवरा परदेशी, येकातेरिनबुर्गला बांधकामावर. अठरा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. खोलीत झिपारा घरातल्या सगळ्या जाजमांचा डोंगर करून त्यात पोरीला घेऊन बसली होती, आणि बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"शेगडी लाव ना गं," आगाय दारातूनच म्हणाले.

"लावते, आगाय. पण सगळेच शेगड्या लावतात, मग फ्यूज उडतो. सकाळपासून चारदा उडाला."

"मग आईकडे का जात नाहीस? कारा-बाल्टाला तर घरात चूल आहे."

झिपारा हसली. "चाळीस दिवस झाले नाहीत ना अजून. चाळिशीआधी पोरीला उंबऱ्याबाहेर नेलं तर आईच मला घरात घेणार नाही." मग तिने पोरीच्या नाकाला बोट लावून पाहिलं. "नाक गार पडतं हो हिचं. गेल्या वर्षी बुरुलताई पहिल्याच दिवशी हवा सोडायच्या. संध्याकाळी तर आम्ही पातळ कपड्यांत असायचो."

आगाय दारात उभे राहिले. तोंडातून शब्द कसे निघाले ते त्यांनाही कळलं नाही.

"आज अंधार पडायच्या आत तुझ्या पोरीला ऊब मिळेल. माझा शब्द आहे."

शब्द देणं सोपं असतं. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेस्तोवर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि म्हणून चौथा मजला चढायला त्यांना बराच वेळ लागला.

एर्मेकने पाना दिला. हातभर लांब, गंजलेला, टॅक्सीच्या डिकीतला. "स्क्रूला हात लावू नका आता," तो म्हणाला. "तो ज्या मोठ्या नटात बसलाय ना, तोच जरासा सैल करा. फुस्स आवाज आला की थांबा. पाणी दिसलं की घट्ट करा. तीन मिनिटांचं काम."

"तू थांबतोस का?"

"थांबलो असतो हो, पण विमानतळाचं गिऱ्हाईक आहे. येतो तासाभरात." आणि जाताजाता त्याने पुन्हा विचारलं, "जमेल ना?"

"जा तू," आगाय म्हणाले. दार लावायचंही त्यांना सुचलं नाही.

खाली त्यांनी तसराळं ठेवलं. टाय काढला नाही. कागदावर हिशेब केला: पाच मजल्यांची उंची, पाण्याचा दाब, नटाचा व्यास. उत्तर आलं की धोका नगण्य आहे. हे उत्तर बरोबरच होतं. मग त्यांनी पाना लावला आणि सारा जोर एकवटून ओढला. कागदावर एक गोष्ट धरलीच नव्हती, ती म्हणजे नट एकोणतीस वर्षं जुना होता आणि ओढणारा चिडलेला होता.

आधी फुस्स झालं. आगायांना त्या फुस्सचा केवढा अभिमान वाटला! इतका, की ते थांबायचं विसरले. फुस्सचं फूऽऽस झालं, मग शिट्टी झाली, मग कडाक् असा आवाज आला आणि स्क्रू, त्याचा नट आणि रंगाचे पापुद्रे असं सगळं मिळून सुटलं आणि सोफ्याखाली गेलं. पाठोपाठ पाणी आलं. उन्हाळाभर लोखंडात मुरलेलं, शाईसारखं काळं, कुजलेल्या अंड्याचा वास असलेलं पाणी. ते छताला लागलं, छतावरून आगायांच्या टकलावर आलं. तसराळं होतं तिथेच कोरडं राहिलं.

माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच त्यांनी केलं. भोकावर अंगठा दाबला.

पाणी थांबलं.

आणि आता पंचाईत अशी, की तेही थांबले. अंगठा काढला तर पाणी लिदियाच्या निळ्या फुलांवर. मग खालचं तळघर उघडून सगळी रांग बंद करावी लागेल, रिकामी करावी लागेल, सतराव्या दिवशी माणूस येईल, आणि दुसऱ्या मजल्यावरचं ते गार नाक सतरा दिवस गारच राहील. अंगठा ठेवला तर आयुष्य इथेच, या रेडिएटरपाशी. फोन स्वयंपाकघरात होता. समोरच्या भिंतीवर बुरुलचा फोटो होता, त्याच्यावर काळे शिंतोडे उडाले होते.

"बघू नकोस," आगाय फोटोला म्हणाले.

मग त्यांना पाना दिसला. डाव्या हाताने तो ओढून घेतला आणि मदतीसाठी नळावर जिवाच्या आकांताने एक तडाखा हाणला. ठण्ण! लोखंडातून आवाज खालपर्यंत गेला. आता कुणीतरी धावत येईल, म्हणून ते कान देऊन बसले.

खालून उत्तर आलं. चौथ्या मजल्यावरून, टण्. मग त्याखालून, टण्. मग अगदी तळातून, लांबून, टण्.

आगायांना काही कळेना. त्यांनी पुन्हा हाणलं. पुन्हा टण्, टण्, टण्. जोरात हाणलं, तर तेही जोरात. आपण बुडतोय म्हणून ओरडावं आणि काठावरच्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अशी गत झाली. एर्मेकची बायको तर, नंतर कळलं, नळावर चमचा वाजवता वाजवता हसत होती. कुणीही आलं नाही.

नळाच्या आत मात्र काहीतरी हललं होतं. हवा गेली होती. आगायांच्या अंगठ्याखालचं पाणी आधी बर्फासारखं होतं, मग ते नुसतं थंड झालं, मग कोमट. ऊब इमारतीत कुठवर पोचली ते आगायांना त्या अंगठ्यानेच कळलं. आयुष्यभर त्यांनी पाणी फळ्यावर बाणांनी वाहवलं होतं. आज ते पहिल्यांदा त्यांच्या हाताशी आलं होतं. मग ते चांगलं गरम झालं. मग चटके बसू लागले. आगायांनी दात आवळले आणि अंगठा काढला नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि एकदा आल्यावर ते नुसतं अंगठ्यासाठी राहिलं नाही. एप्रिलपासून पुरुषमाणूस म्हणून जे अडवून धरलं होतं ते सगळं तिथे, काळ्या पाण्यात बसून, टाय घातलेल्या अवस्थेत आलं. पाणी कुठे अडवावं याच्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं.

"आगाय?"

दारात साल्तानात उभी होती. पहिल्या मजल्यावरची, साठीची, इमारतीची कारभारीण. तळघराच्या किल्ल्या तिच्याकडे, कुणी जिन्यात सिगारेट ओढली तर भांडणही तिच्याकडे. तिच्याही डोळ्यांना रुमालाचं टोक होतं, आणि काखेत हलवाबर्फीचा पत्र्याचा डबा.

"आवाज ऐकला," ती म्हणाली. "बुरुलची सवय... मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ द्या. म्हटलं, तिचा डबा आपल्याकडेच आहे. अजून उघडला नव्हता मी, उघडवत नव्हता." मग तिने नीट पाहिलं. छत, टक्कल, टाय, अंगठा. "अगं बाई! हे काय करून बसलात?"

"डबा उघड," आगाय म्हणाले. "लवकर."

डब्यात सुया नव्हत्याच. छोटी चौकोनी चावी होती, लाल लोकर बांधलेली. वाळलेल्या कणकेच्या गोळ्या होत्या. आणि मेणकागदात गुंडाळलेला एक नवाकोरा पितळी स्क्रू होता, नटासकट, त्याच्या आट्यांवर तागाचा धागा आधीच नेटका गुंडाळून ठेवलेला.

"दोन वर्षं म्हणत होती," साल्तानात म्हणाली, "की जुना आता मोडणार. मीच तिच्याबरोबर बाजारात गेले होते हा आणायला. सरका."

"मी लावतो."

"तुम्ही अंगठा काढा, तेवढं पुरे."

अंगठा निघाला, पाणी उसळलं, साल्तानातने डोळे मिटून, दातओठ खात, नव्या स्क्रूचं तोंड भोकाला लावलं आणि फिरवत गेली. दहा वेढ्यांत सगळं थांबलं. दोघंही नखशिखान्त काळी झाली होती. तसराळ्यात मात्र आता थोडं पाणी जमलं होतं.

साल्तानातने स्वयंपाकघरातून तेल आणलं, अंगठ्याला लावलं आणि फडकं गुंडाळलं. आगाय पोरासारखा हात पुढे करून बसले होते.

"मी मदतीला बोलवत होतो," ते कुरकुरले. "आणि तुम्ही सगळे वाजवत बसलात."

साल्तानात त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच घरातून तर दरवर्षी वाजायचं! हवा सोडली की बुरुल नळावर एकदा वाजवायची. म्हणजे, आली का ऊब? ज्याच्या घरी आली तो एकदा वाजवणार. कुणाचं नाही आलं की ती परत हवा सोडायची. सगळ्यांचं आल्याशिवाय उठायची नाही."

आगायांनी मनात मोजलं. चौथा. तिसरा. आणि तळातून, म्हणजे ही साल्तानात. आमच्याकडे जमिनीलगतचाच पहिला मजला.

"दुसऱ्याचं नाही आलं," ते म्हणाले, आणि उठूनच उभे राहिले. "तीनच आवाज आले. झिपाराचं नाही आलं, साल्तानात!"

पाना उचलून त्यांनी नळावर वाजवलं, या वेळी एकदाच. चौथ्यावरून टण्. तिसऱ्यावरून टण्. मग काही नाही. दोघं नळाला कान लावून बसली, एक या बाजूने, एक त्या बाजूने. नळ आता इतका गरम होता की कान ठेववत नव्हता, तरी ठेवला. खिडकीबाहेर उजेड कमी होत चालला होता. आगायांनी शब्द दिला होता तो अंधार पडायच्या आतला.

आणि मग अगदी हलका, चहाच्या चमच्याने वाजवल्यासारखा आवाज आला. टिक्.

"पोर झोपली असेल," साल्तानात कुजबुजली. "म्हणून मघाशी वाजवलं नसेल."

ती निघाली. डबा तिने टेबलावर ठेवला, आगायांनी तो परत तिच्या हातात दिला, कारण दिलेलं ते दिलेलं. तिने फक्त चावी काढून ठेवली. दारात मात्र ती घुटमळली.

"एक सांगू? राग मानू नका. बुरुल म्हणायची, खालचे चौघं मला चमच्याने उत्तर देतात, आमचा पाचवा तेवढा तोंडाने देतो. तुम्ही पलीकडच्या खोलीतून ओरडायचात ना, आवाज बंद कर म्हणून? गारठला असता तर उठून तक्रार करायला आला असता, म्हणायची. बसल्या जागेवरून ओरडतोय म्हणजे त्याच्या खोलीत ऊब पोचली. तुमचं ओरडणं ऐकलं की मगच ती तसराळं उचलायची."

साल्तानात गेली. आगायांनी फरशी पुसली, फोटो पुसला, काळा टाय काढून कचऱ्यात टाकला. लिदियाच्या छतावर बशीएवढा डाग पडला होता, त्याबद्दल तिने वर येऊन जे बोलायचं ते सविस्तर बोलून घेतलं, आणि कोट न घालता खाली गेली. मग आगाय त्यांच्या लिहायच्या खोलीत गेले. तिथला रेडिएटर तापला होता. ते आपल्या खुर्चीत बसले. मोठ्या खोलीचं दार उघडंच होतं. तिकडे अर्थातच कुणी नव्हतं, आणि नळ गप्प होता.

मग त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या, त्रासलेल्या आवाजात जोराने ओरडले, "बुरुल, बंद कर गं तो आवाज! काम चाललंय माझं!"

चौथ्या मजल्यावर लिदिया पेत्रोव्नाने ते स्वच्छ ऐकलं. डागाची गोष्ट तिने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा इमारतींत पोचवली. ही मात्र तिने कुणालाच सांगितली नाही.